काटा चढतोय आणि बेल्टच्या बाजूने घरघर येतेय: दुखणं एक की दोन?

प्रश्न

गाडी ११ वर्षांची, पेट्रोल हॅचबॅक, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली. टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या जरा खाली जाऊन बसायचा, तो गाडी बंद करेपर्यंत हलायचा नाही. मी तिकडे बघणंच सोडून दिलं होतं. तीन आठवड्यांपासून मात्र लांबलचक चढावर किंवा अर्धा तास जोरात चालवली की तो पाऊणपर्यंत जातो. वेग कमी केला की हळूहळू उतरतो.

आवाज दोन आहेत. सकाळी स्टार्ट केल्यावर डॅशबोर्डच्या मागे दहाएक सेकंद गुळगुळ होते, अरुंद तोंडाच्या बाटलीतून पाणी ओतल्यासारखी. दुसरा आवाज बेल्टच्या बाजूने, जातं फिरवल्यासारखी घरघर. रेस दिली की वाढते.

कूलंटची बाटली १५ दिवसांत वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर आली. गाडीखाली एक थेंब नाही, पुठ्ठा अंथरून पाहिला.

मेकॅनिकने आधी रेडिएटरचं झाकण बदललं. फरक पडला नाही, तेव्हा थर्मोस्टॅटच, म्हणजे पाणी गरम झाल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढून टाकला. म्हणाला, आता पाणी मोकळं फिरेल. आता सकाळी काटा कितीतरी वेळ वर येत नाही, आणि चढावर पूर्वीपेक्षा लवकर तापते! हे एकच दुखणं आहे की दोन?

उत्तर १

फॅनची रिले किंवा मोटर बघा. माझ्या गाडीत तेच निघालं होतं.

प्रश्नकर्ता

फॅन फिरतो. ट्रॅफिकमध्ये उभी असताना बोनेट उघडून डोळ्यांनी पाहिलंय. त्या वेळी काटा जागेवर असतो.

उत्तर २

मग फॅन बाजूला ठेवा. गाडी उभी असताना तापली तर संशय फॅनवर, कारण तेव्हा रेडिएटरला दुसरा वारा नसतो. पळताना वारा फुकट मिळतो. तरीही तापत असेल तर पाणी कमी आहे, पाणी नीट फिरत नाही किंवा रेडिएटर बुजलाय.

थर्मोस्टॅट काढणं हा जुना उपाय आहे आणि मला त्याचा राग आहे. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो, त्यामुळे इंजिन लवकर गरम होऊन त्याच तापमानावर राहतं. तो नसला की सकाळी इंजिन गार राहतं आणि पेट्रोल जास्त पितं. शिवाय बऱ्याच इंजिनांत तो एक तोंड उघडताना दुसरं, म्हणजे बायपासचं, बंद करतो. काढून टाकला की बायपास कायम उघडा. मग गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता इंजिनातच घिरट्या घालतो. चढावर लवकर तापायला लागली ती बहुतेक यामुळेच. आधी तो परत बसवून घ्या.

आता आवाज. गुळगुळ म्हणजे हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये हवा शिरलीय. पाणी कमी झालं की हवा आत येणारच. म्हणजे गुळगुळ हा परिणाम आहे, कारण नाही. घरघर मात्र शोधायला हवी. माझा संशय वॉटर पंपावर आहे. पंपाचं सील आणि बेअरिंग यांच्या मधल्या जागेतून बाहेर येणारं एक बारीक भोक असतं. सील गळलं की पाणी बेअरिंगमध्ये न मुरता तिथून बाहेर पडावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. पाझरलेलं पाणी गरम इंजिनवर जागच्या जागी वाळतं, जमिनीपर्यंत पोचतच नाही. तुमचा पुठ्ठा कोरडा राहिला तो असा. इंजिन पूर्ण गार असताना टॉर्च घेऊन पंपाच्या खालच्या बाजूला बघा. कूलंटच्या रंगाचा किंवा पांढुरका, खरपुडीसारखा ओघळ दिसतो का?

नंतर बेल्ट उतरवा आणि गार इंजिन फक्त १५-२० सेकंद चालवा. बेल्टशिवाय पंप फिरत नाही, म्हणून त्याहून जास्त नको. घरघर बंद झाली तर दोषी बेल्टवरचाच कुणीतरी : पंप, अल्टरनेटर, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) किंवा एसीची पुली. मग एकेक पुली हाताने फिरवून आणि हलवून बघा. चांगली पुली गुळगुळीत फिरते, खराब झालेली बोटांना खरखरीत लागते किंवा डुगडुगते. काही इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणाऱ्या आतल्या बेल्टवर, असतो. तुमचा तसा असेल तर ही परीक्षा काही सांगणार नाही, पण तेव्हा उशीरही करू नका. पंप अडकला आणि टायमिंग बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह-पिस्टनपर्यंत प्रकरण जाऊ शकतं.

आणि गरम असताना झाकणाला हात लावू नका. आत १ बारच्या आसपास दाब असतो, त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या पुढेमागे उकळतं. झाकण सैल केलं की दाब जातो आणि सगळं एकदम उसळून अंगावर येतं. माझ्या मनगटावर त्याचा डाग आहे, २२ वर्षांपूर्वीचा.

उत्तर ३

पंप असेलही, पण पाणी कमी होतंय आणि बाहेर थेंब नाही म्हटल्यावर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, तपासल्याशिवाय सोडू नका. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय आहे का? इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो का? सकाळी गार इंजिन स्टार्ट केल्यावर मिनिटभरातच रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा कडक होतो का? गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची एक चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून वाफ त्या द्रवातून ओढतात. पेट्रोल गाडीत जळालेला वायू पाण्यात येत असेल तर निळा रंग पिवळा होतो.

उत्तर २

मान्य. ती चाचणी आधीच करून घ्या, पंपाच्या खर्चानंतर गॅस्केट निघालं तर जीव जातो. मी एकदा काटा लालमध्ये असताना "आलंच घर" म्हणत चार किलोमीटर दामटली होती. हेड वाकलं. काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण जोरात, आणि तरी उतरला नाही तर बाजूला घेऊन इंजिन बंद. हीटरमधून गार हवा आली तर आत पाणीच उरलेलं नाही असं समजा आणि लगेच थांबा.

प्रश्नकर्ता

नऊ दिवसांनी लिहितोय. निळा द्रव निळाच राहिला, ऑइल स्वच्छ. गार इंजिनवर टॉर्च मारला तर पंपाखाली गुलाबी ओघळ, नखाने खरवडला की पापुद्रा निघत होता. बेल्ट उतरवला, घरघर बंद. अल्टरनेटर गुळगुळीत, पंपाची पुली मात्र वरखाली स्पष्ट हलत होती. दुसऱ्या गॅरेजमध्ये पंप, बेल्ट आणि थर्मोस्टॅट नवे बसवले.

गंमत म्हणजे त्यानंतरही गुळगुळ होतीच. हवा काढायचा स्क्रू कुणी उघडलाच नव्हता. गाडीचं तोंड चढाकडे करून, हीटर चालू ठेवून, स्क्रूमधून बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरलं, जवळजवळ पाऊण लिटर गेलं. आता ६०० किलोमीटर झाले, काटा जुन्या जागी आहे आणि बाटलीतली पातळी हललेली नाही. फक्त सकाळी स्टार्ट करताना दोन सेकंद चीं असा आवाज येतो.

उत्तर २

तो नवा बेल्ट. इंजिन चालू असताना हात लांब ठेवून बेल्टच्या रेघांच्या बाजूवर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत, वाढला तर ताण कमी आहे. ज्यांनी बसवला त्यांच्याकडूनच नीट करून घ्या.