आधी ब्लेड, मग फेन्स

टेबल सॉवर (टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडच्या करवतीवर) सागाची फळी लांबीत चिरताना कडा काळी पडते आणि फळी मागे उसळते, म्हणून फेन्स (फळी जिला टेकवून पुढे सरकवतात ती सरळ पट्टी) बदलावी का, असे आपण विचारले आहे; माझ्या मते आधी ब्लेड तपासावे. प्लग काढून एका दातावर खडूने खूण करावी, मायटरच्या खाचेपासून (टेबलावरील ब्लेडशेजारच्या सरळ खोबणीपासून) त्याचे अंतर पुढे मोजावे आणि तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजावे. दुसरा दात धरल्यास किंचित वाकडे ब्लेडही मापात फसवते. फरक आढळल्यास, म्हणजे ब्लेड खाचेला समांतर नसल्यास, ब्लेडचा सांगाडा धरणारे बोल्ट सैल करून हा फरक दूर करावा, फेन्स त्यानंतरच खाचेला समांतर लावावी. चिरताना रायव्हिंग नाइफ (ब्लेडच्या मागे चिरेची फट उघडी ठेवणारी पाती) मात्र कृपया काढून ठेवू नका, कारण फट मिटून लाकूड मागच्या, वर येणाऱ्या दातांवर चढले की हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.