अनुभव धागा: ‘अ‍ॅडजस्ट करा ना’

चौथी_सीट:
काल डोंबिवली स्लो लोकलला एक काकू चढल्या आणि नुसतं "अ‍ॅडजस्ट" म्हणाल्या. करा नाही, प्लीज नाही. तिघी निमूट सरकल्या. अर्धं बूड हवेत, एक पाय पॅसेजमध्ये, पण काकू बसल्या! मला एकदम आमची बघण्याची बैठक आठवली. सासूबाईंनी आईला विचारलेलं, "अ‍ॅडजस्ट करेल ना?" काय ते विचारायचं सुचलं नाही कोणाला. दोन खोल्या, सात माणसं, एक मोरी. तुमचे येऊ द्या.

विरार_फास्ट:
चौथी सीट सेंट्रलवाल्यांची चैन. आमच्याकडे मागून बघा, किडनी मागितल्यासारखे बघतात.

कडीपत्ता:
बेंगळुरूला गेल्यावर पहिलं कन्नड वाक्य शिकले ते ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’. अर्धं तर आधीच येत होतं :)

ओहायोची_वहिनी:
इकडे गाडी ठोकली की इन्शुरन्सचा ‘अ‍ॅडजस्टर’ येतो. नवरा खूश, म्हणे घेतील थोडं सांभाळून. कसलं काय! बंपरचा ओरखडा न् ओरखडा फोटोत घेतला आणि जुने त्यातून वजा केले. आणि कायरोप्रॅक्टर मान कडकन वळवतो, तीही अ‍ॅडजस्टमेंटच.

कडीपत्ता:
तुमच्याकडे मान मोडून, आमच्याकडे मान खाली घालून.

निवृत्त_मास्तर:
इंग्रजीत पुढे काहीतरी लागतं हो. सीट, घड्याळ, चष्मा. लंडनच्या ट्यूबमध्ये आमचे चिरंजीव शेजाऱ्याला नुसतं "प्लीज अ‍ॅडजस्ट" म्हणाले. त्याने टाय नीट केला.

लाल_डबा:
😂 मास्तर! एसटीत तिघांच्या बाकावर चौथा मी, आईच्या मांडीवर. 12 पर्यंत हाफ तिकीट, त्यामुळे कंडक्टरसमोर मी बरीच वर्षं अकराचाच. मिसरूड फुटल्यावर एकाने हात जोडले.

पोळपाट:
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. आमचा टेलर घट्ट ब्लाउज हातात देऊन "होईल अ‍ॅडजस्ट, आत दोन इंच माया सोडलीय" म्हणतो. उसवून बघितलं तर जेमतेम अर्धा इंच.

चौथी_सीट:
माझाही असाच! तुमचा डोंबिवलीतला का?

पोळपाट:
नाही, ठाण्यातला. पण फॉल-पिको छान करतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

लाल_डबा:
बायकोसाठी मलाही करा. तारीख पाळतो का?

पोळपाट:
गणपतीचं दिलेलं दसऱ्याला मिळालं.