पेनिसिलिन आणि सबसिडीचं गणित
वर कुणीतरी म्हटलंय की पीएलआयचे (देशात उत्पादन वाढवायला सरकार देतं त्या प्रोत्साहन-अनुदानाचे) ६,९४० कोटी जाहीर झाले म्हणजे औषधांच्या कच्च्या मालासाठी चीनकडे बघायची गरज संपली. अहो, ते पैसे आधी मिळत नाहीत, कारखाना उभा करून माल विकला की विक्रीवर टक्के मिळतात, फर्मेंटेशनवाल्या (टाकीत बुरशी-जंतू वाढवून बनवलेल्या, जसं पेनिसिलिन) मालाला पहिली चार वर्षं २०, मग १५, मग ५. आता चीनने भावच पाडले तर विकणार काय आणि टक्के कशावर घेणार? पेनिसिलिन आपल्याला नवीन नाहीये, पिंपरीला एचए (हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी) १९५४ साली डब्ल्यूएचओ-युनिसेफच्या मदतीने उभी राहिली, आणि नव्वदच्या दशकापासून स्वस्त चिनी मालापुढे देशातले पेन-जीचे (पेनिसिलिन जी, म्हणजे पेनिसिलिनचा मूळ कच्चा माल) प्लांट बंद पडत गेले.

मी काही वर्षं एका फर्मेंटेशन प्लांटमध्ये शिफ्ट केलीय (नाव नको). टाकीला दिवसरात्र निर्जंतुक हवा लागते, ढवळणं थांबून चालत नाही. एकदा लाईट गेली, जनरेटरने वेळेवर उचललं नाही, पाच दिवसांची बॅच सरळ ईटीपीत (सांडपाणी प्रक्रियेच्या प्लांटमध्ये), तो आंबूस वास अजून नाकात आहे. त्यामुळे मला विचाराल तर टक्क्यांपेक्षा स्वस्त, न जाणारी वीज आणि सरकारी रुग्णालयांकडून पाच वर्षांची पक्की ऑर्डर द्या.