प्रतिसाद: वाहाकाची एक दिवसाची सहल
वर कुणीतरी विचारलंय की मेक्सिकोतल्या वाहाका शहरातून निघणाऱ्या गाईडसोबतच्या एक दिवसाच्या सहलीत फार धावपळ होते का. होते, पण ती बहुतेक ठिकाणांच्या चुकीच्या क्रमामुळे. येर्वे एल आग्वाच्या धबधब्याला सकाळीच नेणारी सहल शोधा. दुपारी ऊन आणि गर्दी दोन्ही डोक्यावर. कड्यावरून कोसळताना गोठल्यासारखा दिसणारा तो धबधबा म्हणजे झऱ्याच्या पाण्यातून साचत गेलेलं कॅल्शियम कार्बोनेट, चक्क दगड.

तेओतित्लान देल व्हाये गावच्या विणकरांकडे मात्र घाई नको. निवडुंगावरचे कोचिनील किडे वाळवून तळहातावर चुरडतात, गडद लाल रंग निघतो. त्यावर लिंबू पिळलं की नारिंगी, खायचा सोडा टाकला की जांभळा! गालिच्याची किंमत विचारायच्या आधी हे बघाच.

मेझकाल या दारूसाठी मातात्लान गाव. अगावेचे (घायपातीचे) गड्डे जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर काही दिवस भाजतात, म्हणून तो धुरकट वास. आपल्या फेणीला काजूची बोंडं दर उन्हाळ्यात मिळतात. इथे एस्पादिन जातीचं अगावेचं रोप तयार व्हायलाच साधारण ६ ते ८ वर्षं. उपाशीपोटी चाखू नका, बरीच कडक असते. तुले गावातलं अजस्र झाड वाटेतच आहे, पंधरा मिनिटं पुरतात.