प्रतिसाद: मधले व्हेरियंट की टॉप मॉडेल?

सव्वा दोन लाख जास्त देऊन गाडीचे टॉप मॉडेल घ्यावे का, या आपल्या प्रश्नावर माझे मत मधल्या व्हेरियंटच्या बाजूने आहे. मात्र त्यात सहा एअरबॅग आणि इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल असलेच पाहिजे. इंदूरहून ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटातल्या ओल्या वळणावर गाडी घसरू लागली, तर हीच यंत्रणा चाकांना वेगवेगळा ब्रेक लावून तिला सावरते. टॉप मॉडेलमधल्या सनरूफचे, म्हणजे छतातल्या काचेच्या खिडकीचे म्हणाल, तर माझ्या दिरांच्या गाडीत मे महिन्यात त्याचा पडदा कायम ओढलेला असतो आणि सासूबाई मागच्या एसीच्या झरोक्यापुढे तळहात धरून बसतात. मागचा एसी मात्र जरूर पाहावा. शिवाय रोड टॅक्स आणि विमा किमतीनुसार वाढत असल्याने प्रत्यक्षातला फरक सव्वा दोन लाखांवर थांबत नाही.