अर्धवट ऑब्जेक्ट बनवून नंतर सेटर मारत बसणं बंद करा राव

नल_पीडित:
काल रात्री दीड वाजेपर्यंत एकच बग शोधत होतो. जावातला बिलाचा क्लास, रिकामा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड) आणि खाली १७ सेटर (बनल्यावर एकेक फील्ड भरणाऱ्या मेथड). नवीन फ्लो लिहिताना कुणीतरी करन्सीचा सेटर मारायला विसरलं, कंपायलर गप्प, टेस्ट हिरव्या, आणि नल पॉइंटर (न भरलेली व्हॅल्यू वापरल्याची एरर) फुटला कुठे तर तीन क्लास पलीकडे, पीडीएफ बनवताना! माझं सरळ म्हणणं आहे, ज्याच्याशिवाय ऑब्जेक्टला अर्थच नाही ते कन्स्ट्रक्टरमधेच मागा, फील्ड फायनल (एकदा भरलं की न बदलणारं) करा, मग विसरलात की कंपायलरच ओरडेल.

जुना_जावावाला:
१७ पॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर वाचलायस का कधी? त्यात पाच नुसत्या स्ट्रिंग. नाव आणि शहर उलटसुलट गेलं तर तुझा लाडका कंपायलर तोंडातून अक्षर काढत नाही. सेटरला निदान नाव तरी असतं. आणि ऑब्जेक्ट डेटाबेसमधे सेव्ह करणाऱ्या हायबरनेटला रिकामा कन्स्ट्रक्टर लागतोच, त्याचं काय?

नल_पीडित:
तो प्रोटेक्टेड (फक्त त्याच पॅकेजला आणि चाइल्ड क्लासला दिसणारा) ठेवला तरी चालतो की, पब्लिक करून गावजेवण कशाला? आणि स्ट्रिंगच का पाठवता, जीएसटी नंबरचा वेगळा छोटा क्लास करा, १५ अक्षरं आहेत का ते त्याच्या कन्स्ट्रक्टरमधेच तपासा. जावा १६ पासून रेकॉर्ड (फायनल फील्डचे छोटे डेटा क्लास) आहेत, चार ओळींत काम होतं.

जुना_जावावाला:
रेकॉर्ड एंटिटी (डेटाबेसच्या टेबलाशी जोडलेला क्लास) म्हणून चालत नाही, आणि जेपीएच्या, म्हणजे हायबरनेट पाळतं त्या स्टँडर्डच्या, नियमाप्रमाणे एंटिटीची सेव्ह होणारी फील्ड फायनल करता येत नाहीत. म्हणजे तुझं अर्धं भाषण इथेच संपलं.

कांदाभजी_कोडर:
दोघंही भांडा, पण कन्स्ट्रक्टरमधे काय काय कोंबतात त्यावर बोला ना कुणीतरी. आमच्याकडे बेस क्लासचा कन्स्ट्रक्टर एक मेथड बोलवायचा, चाइल्ड क्लासने ती ओव्हरराइड केलेली (स्वतःची वेगळी लिहिलेली) आणि आत स्वतःच्या लिस्टमधे ॲड करत होती. जावात आधी पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर पळतो, तोवर चाइल्डची लिस्ट बनलेलीच नसते, की आपटला. सी प्लस प्लसवाला मित्र हसत होता, त्यांच्याकडे अशा वेळी पॅरेंटचीच मेथड चालते म्हणे. याहून वाईट म्हणजे चाइल्डमधे फील्डसमोर कुणी हौसेने '= नल' लिहिलं असेल तर त्या मेथडने भरलेली व्हॅल्यू नंतर पुसली जाते, एररसुद्धा येत नाही, शोधत बसा.

जुना_जावावाला:
हेच तर सांगतोय, कन्स्ट्रक्टर म्हणजे काही देव नव्हे. बिल्डर वापरा, म्हणजे एकेक व्हॅल्यू नावानिशी देऊन शेवटी 'बिल्ड' मेथडने ऑब्जेक्ट बनवणारा क्लास, नावंही दिसतात.

नल_पीडित:
बिल्डरमधे करन्सी विसरलो तर? बिल्डमधे चेक लिहिला असेल तरच कळणार, तेही रन केल्यावर. पण सेटरपेक्षा बरं, हे मान्य. निदान फुटेल तिथल्या तिथे.

कांदाभजी_कोडर:
एक सांग, त्या १७ मधली खरोखर सक्तीची किती?

नल_पीडित:
आत्ताच मोजली. चार. बिल नंबर, तारीख, ग्राहक, करन्सी. उरलेल्या १३ मधली सहा तर कुठे कुणी वाचतच नाही 🤦

जुना_जावावाला:
चारचा कन्स्ट्रक्टर असेल तर माझी हरकत नाही. एंटिटी सोडून.