अनामिकेचं टोक लोंबतंय, एक्सरे नॉर्मल, तरी आठ आठवडे स्प्लिंट? आणि स्केलिंगचं काय करू?

खालची_दाढ

नमस्कार मंडळी. मी डेंटलला आहे, शेवटचं वर्ष, क्लिनिकल पोस्टिंग चालू आहे. मागच्या आठवड्यात कॅच घेताना बॉल सरळ उजव्या अनामिकेच्या टोकावर बसला. दुखलं तसं फार नाही, पण तेव्हापासून शेवटचं पेर खाली झुकलंय ते काही केल्या वर येत नाही. दुसऱ्या हाताने उचललं की आरामात सरळ होतं, सोडलं की परत खाली. ऑर्थोवाल्यांनी एक्सरे बघून हाड व्यवस्थित आहे, मॅलेट फिंगर आहे म्हणून सांगितलं, प्लॅस्टिकचा छोटा स्प्लिंट चढवला, सहा ते आठ आठवडे अजिबात काढायचा नाही म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

आता हाड मोडलेलं नाहीये तर एवढे दिवस कशाला? मोडलेली हाडं सुद्धा बोटात याच्या आधी जुळतात ना? निदान रात्री झोपताना काढला तर चालेल का, आत घाम येऊन कातडी पांढरी पडतेय. घरच्यांचं म्हणणं चोळून ओढून बसव, बसेल. आणि खरा घोळ असा की हीच अनामिका माझा फिंगर रेस्ट आहे, स्केलर (दातांवरचा थर खरवडायचं हत्यार) हातात घेतला की तीच शेजारच्या दातावर टेकते, ती नसेल तर माझा हात हवेत. स्प्लिंटवरून ग्लोव्ह चढवून काम करता येईल का? कुणी केलंय का असं?

सांधे_आणि_पट्ट्या

हँड थेरपी करते, त्यामुळे हे बोट रोजच्या बघण्यातलं आहे. आधी घरच्यांना सांग की ओढू नका आणि चोळू तर अजिबात नका, कारण काही निखळलेलंच नाहीये, मग बसवणार काय?

झालंय असं की बोटाच्या पाठीवरून जो टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, जातो तो शेवटी अगदी पातळ, चपटा होऊन टोकाच्या हाडाच्या बुडाशी चिकटलेला असतो. जाडी जेमतेम 1 मिलीमीटरच्या आसपास. तू बोट ताठ धरलं होतंस आणि बॉलने टोक एकदम खाली दाबलं, तेव्हा तो तिथे तुटला. कधीकधी तो हाडाचा कपचा घेऊन निघतो, मग एक्सरेत दिसतं. तुझ्या बाबतीत नुसता टेंडन गेलाय आणि टेंडन एक्सरेत दिसत नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल.

आता वेळ का लागतो. हाडाला रक्तपुरवठा भरपूर, टेंडनच्या या टोकाला अगदीच कमी. त्यात तो जुळतो म्हणजे दोन टोकांमध्ये नवीन तंतू भरले जातात, आणि ते सुरुवातीला इतके कच्चे असतात की टोक एकदा जरी वाकलं तरी ताणून लांब होतात. इथे मिलीमीटरचा हिशोब आहे. टेंडन एखादा मिलीमीटर लांब जुळला की टोक डोळ्याला दिसेल इतकं झुकलेलं राहतं. म्हणून स्प्लिंट चोवीस तास, रात्री तर नक्कीच, कारण झोपेत बोटं आपोआप मिटतात. मध्ये एकदा वाकलं तर पहिल्या दिवसापासून मोजायचं. ऐकायला छळ वाटतो पण आम्ही खरंच तसंच मोजतो. नंतरही काही आठवडे फक्त रात्रीपुरता ठेवायला सांगतात.

कातडीचं मात्र बरोबर आहे, ती सांभाळायला हवी. स्प्लिंट काढून साफ करता येतो, पण बोट वाकू न देता. हात टेबलावर पालथा ठेव, बोटाचं टोक टेबलाला टेकलेलंच राहू दे, स्प्लिंट पुढे सरकवून काढ, कातडी कोरडी कर, परत तसाच चढव. पहिले काही दिवस कुणालातरी टोक धरायला सांग. आणि काढल्यावर पेराच्या पाठीवर बघ, स्प्लिंटमध्ये टोक मागे जास्त ताणलं गेलं असेल तर तिथली कातडी रक्त न पोचल्याने पांढरीफटक होते आणि तशीच राहिली तर जखम होते. घामाने भिजलेली पांढरी वेगळी, ती कोरडी केली की सुधारते. फरक कळत नसेल तर जाऊन दाखव.

अजून एक, मधला सांधा मोकळा आहे ना? तो रोज वाकवायचा. बऱ्याच जणांना वाटतं अख्खं बोट बांधून टाकलं की जास्त सेफ, मग मधला सांधाच आखडून बसतो आणि आम्हाला दुप्पट काम.

निवृत्त_गोलकीपर

माझं मधलं बोट होतं, सेम केस. वाकडं नीट केलं नाही तर नुसतं वाकडं राहील एवढंच ना, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. तर म्हणाले टोकापर्यंत जाणारी ओढ मग सगळी मधल्या सांध्यावर येते, तो हळूहळू उलटा मागे जातो आणि टोक खाली, बोटाची हंसासारखी मान होते. ते ऐकून गुपचूप स्प्लिंट लावला. आता टोक किंचित झुकलेलं आहे, कुणाला सांगितल्याशिवाय कळत नाही आणि काहीही अडत नाही.

केस धुताना फार चिडचिड होते ही पूर्वसूचना.

फायबुला

अ‍ॅनाटॉमी शिकवतो, थोडं आगाऊपणाने मध्ये येतो.

बोटात बोट हलवणारा एकही स्नायू नाही, सगळी इंजिनं एकतर पंजात नाहीतर कोपराखालच्या हातात, बोटात येतात त्या नुसत्या दोऱ्या. तुझ्या अनामिकेला यात सगळ्यात कमी स्वातंत्र्य. तळहात टेबलावर पालथा ठेवून मधलं बोट आत दुमडून घे (हे डाव्या हाताने कर बाई, उजव्याने नको!) आणि आता अनामिका उचलून बघ. उचलतच नाही, कारण हाताच्या पाठीवर तिच्या टेंडनला शेजारच्या टेंडनशी जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात, मधलं बोट दुमडलं की ते हिचाही टेंडन पुढे ओढून ढिला करतं. तर्जनी आणि करंगळीला सरळ व्हायला आपापला एक जादा स्नायू आहे, अनामिकेला नाही.

वाकवायच्या बाजूलाही तेच. टोकं वाकवणारा खोल स्नायू मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांना बराचसा सामाईक आहे. म्हणजे बाकीच्या बोटांनी स्केलर घट्ट आवळलास तर अनामिकेचं टोक पण आत ओढलं जाणार, तुझी इच्छा असो नसो. स्प्लिंट धरून ठेवेल, पण दिवसभर त्याच्याशी कुस्ती कशाला?

रूट_कॅनॉलवाली_ताई

अगं, ग्लोव्ह चढेल, पण पेशंटवर काम करू नकोस. बोटासाठी तर नाहीच, पण पेशंटसाठी जास्त. दोन पेशंटच्या मध्ये हात धुतेस तेव्हा स्प्लिंटखालची जागा धुतली जात नाही, वर ग्लोव्हच्या आत तासन्‌तास ओल. अ‍ॅल्युमिनियमवाला असेल तर त्याच्या कडेने ग्लोव्ह फाटायची भीती. आणि तुझा टोपीसारखा प्लॅस्टिकचा दिसतोय, म्हणजे बोटाचं मांसल टोकच झाकलं गेलंय. फिंगर रेस्ट म्हणजे नुसती काठी टेकवलेली नसते ना, दात किती ओला आहे, पेशंटने जबडा किती हलवला हे आपल्याला त्या टोकाने कळतं. बोटाच्या टोकाला जेमतेम 2 ते 3 मिलीमीटर अंतरावरचे दोन स्पर्श वेगळे कळतात, ते सोडून तू गुळगुळीत प्लॅस्टिक लाळेने ओल्या दातावर टेकवणार, आणि ते घसरलं की स्केलर हिरडीत. नको.

पोस्टिंग इन्चार्जना लेखी सांग, ऑर्थोचा कागद जोड. तोवर असिस्ट कर, केस हिस्टरी घे, एक्सरे वाच. फँटम हेडवर (सरावासाठीचं नकली डोकं) तोंडाबाहेरचा रेस्ट शिकून घे, म्हणजे बोटांची पाठ किंवा तळवा हनुवटीवर, गालावर टेकवून मनगट-हात एकत्र फिरवायचा. वरच्या मागच्या दाढांना तो तसाही लागतोच आणि निम्मी बॅच तो टाळते.

खालची_दाढ

सगळ्यांचे खूप खूप आभार. इन्चार्ज मॅडमना मेल टाकलाय. डाव्या हाताने तो प्रयोग केला, खरंच नाही उचलत, हॉस्टेलमध्ये सगळ्या तेच करत बसल्यात.

कबड्डी_कबड्डी

चांगला धागा. माझं उलटंय, परवा समोरच्याची जर्सी धरली होती तो निसटला, तेव्हापासून अनामिकेचं टोक सरळ राहतं पण वाकतच नाही, तळहातात दुखतं पण. मी पण असाच स्प्लिंट आणून लावू का?

सांधे_आणि_पट्ट्या

नाही नाही, हे पूर्ण वेगळं. बोटाचं मधलं हाड दुसऱ्या हाताने धरून ठेवा आणि फक्त टोक वाकवून बघा. अजिबात वाकत नसेल तर आतल्या बाजूचा, वाकवणारा टेंडन हाडावरून उपटलेला असू शकतो, आणि हा प्रकार अनामिकेतच सगळ्यात जास्त होतो. तो जागेवर राहत नाही, स्नायू त्याला मागे खेचतो, कधी थेट तळहातापर्यंत, तिथे दुखतंय म्हणता म्हणून जास्त काळजी वाटते. असा पार मागे गेलेला टेंडन स्प्लिंटने जुळत नाही, ऑपरेशनच लागतं, आणि ते साधारण आठवडा-दहा दिवसांच्या आत झालं तर ठीक, नंतर टेंडन आखडतो आणि काम अवघड होतं. उद्या सकाळीच हँड सर्जनला किंवा ऑर्थोला दाखवा, आणि तिथे वाकत नाही हे स्वतःहून सांगा, कारण एक्सरे तुमचाही नॉर्मल येऊ शकतो.